सीएसएस शैलीपत्रकातील वैध तोडगे

जुन्या ब्राउझरांतील दोषांमुळे वेबपृष्ठाची बिघडणारी मांडणी सीएसएस या शैलीभाषेचे व्याकरण न मोडता सावरण्याच्या युक्त्या. पृष्ठाचे टंक, रंग, समास इत्यादींविषयीचे नियम या भाषेत लिहितात. त्यांचा संग्रह म्हणजे शैलीपत्रक. या भाषेचे पहिले मानक डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि सर्व ब्राउझरांनी ते सारखेच पाळले नाही.

उदा., ३०० पिक्सेल रुंदीच्या चौकटीत दोन्ही बाजूंस २० पिक्सेल मोकळी जागा व ५ पिक्सेल कडा ठेवल्यास मानकानुसार एकूण रुंदी ३५० पिक्सेल होते. विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोरर ५ हे सर्व ३०० पिक्सेलांतच बसवीत असे. टान्टेक चेलिक यांच्या तोडग्यात अवतरणचिन्हांत महिरपी कंस लिहीत. जुना ब्राउझर त्यास नियमाचा शेवट समजून थांबे. अचूक ब्राउझर पुढे दिलेली योग्य रुंदी वाचे.

याच ब्राउझरच्या सहाव्या आवृत्तीत (२००१) एका बाजूस सरकविलेल्या चौकटीचा त्या बाजूचा समास दुप्पट होई. चौकट ओळीतील घटक म्हणून घोषित केल्यास हा दोष जाई. मानकानुसार सरकविलेली चौकट खंडरूपच राहत असल्याने इतर ब्राउझरांवर या सूचनेचा परिणाम होत नाही.

वाचकाच्या संगणकात योग्य देवनागरी टंक असेलच असे नसल्याने मराठी पृष्ठांस टंक सोबत पाठविणे उपयुक्त ठरते. आठव्या आवृत्तीपर्यंत हा ब्राउझर टंकांच्या पत्त्यांची संपूर्ण यादी एकच पत्ता समजे. पहिल्या पत्त्याअखेर प्रश्नचिन्ह घातल्यास उरलेला भाग पृच्छा मानला जाऊन टंक मिळे.

गुणधर्माच्या नावापूर्वी अधोरेषा लिहिण्याची युक्ती मात्र अवैध होय. अशा चुकांच्या गर्दीत तपासणीच्या वेळी खऱ्या चुका दिसेनाशा होतात.

तथापि केवळ वैधता पुरेशी नाही. सातव्या आवृत्तीत (२००६) नियम वाचण्यातील काही चुका दुरुस्त झाल्या, पण मांडणीचे सर्व दोष गेले नाहीत. त्यामुळे त्या चुकांवर विसंबलेली व्याकरणशुद्ध पृष्ठेही बिघडली. म्हणून ब्राउझरची चूक ओळखून त्यास वगळणाऱ्या तोडग्यापेक्षा सर्वत्र निरुपद्रवी ठरणारा तोडगा श्रेयस्कर होय. तो स्वतंत्र पत्रकात, कारणाची टीप देऊन ठेवल्यास ब्राउझर कालबाह्य होताच सहज काढता येतो.