उशाजवळची ध्वनिमुद्रिका

आजारी ज्येष्ठांच्या खोलीत हल्ली एक दृश्य ठरलेले असते. उशाजवळ औषधांचा डबा, पाण्याचा तांब्या आणि या दोहोंच्या आधाराने उभा केलेला मोबाइल. त्यातून सकाळपासून बासरी झिरपत असते, नाहीतर एखादा नामजप तासन्‌तास चाललेला असतो. घरच्यांचा हेतू निर्मळच असतो. परंतु हे संगीत कोणी निवडले, असे विचारून पाहा. उत्तरात मुलाचे, सुनेचे किंवा खुद्द मोबाइलचेच नाव येते. ज्यांच्या कानांसाठी ते लावले आहे, त्यांना बहुधा कोणी विचारलेले नसते.

मीही विचारले नव्हते.

अकोल्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या बंधूंना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजत सर्व होते, शब्द मात्र ओठांपर्यंत पोहोचत नव्हते. मी अमरावतीहून भेटीस गेलो तो माझ्या मते सर्वोत्तम औषध घेऊन: 'कॉल ऑफ द व्हॅली'. १९६७ साली निघालेली ही तबकडी आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. काश्मिरातील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत तीत उलगडत जातो. भारतीय वाद्यसंगीताची इतकी प्रसन्न तबकडी दुसरी नाही, असे माझे ठाम मत आहे. बंधूंनी पाच मिनिटे ऐकले आणि तोंड भिंतीकडे फिरवले. "थकले असतील," वहिनी म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने मोबाइल उशाखाली कोंबला.

तेव्हा कुठे मला आठवले. चाळीस वर्षांपूर्वी याच तबकडीवरून आम्हा दोघांत कडाक्याचा वाद झाला होता. "मले नाही पायजे हे," ते म्हणाले होते, "पाहुण्यायसाठी लावाचं संगीत आहे हे." त्यांची वाचा गेली होती, मत गेले नव्हते.

पुतण्याने माळ्यावरून कॅसेटींची पेटी उतरवली. तीत शंकर-जयकिशन होते, नुसरत फतेह अली खान होते, आणि नोकरीनिमित्त दक्षिणेत असताना आणलेली एक कॅसेट होती, इलयाराजांची 'हाउ टू नेम इट?'. १९८६ सालच्या या वाद्यसंगीतात इलयाराजांनी त्यागराज आणि जर्मन संगीतकार बाख यांना एकत्र वंदन केले आहे. व्हायोलिनांचा नुसता कल्लोळ! रुग्णाच्या खोलीत हे लावावे, असे कोणाही शहाण्या माणसाच्या मनात येणार नाही. माझ्याही आले नसते. टेप केव्हाच बिघडलेली होती, म्हणून तेच संगीत मोबाइलवर शोधून लावले. बंधूंची डाव्या हाताची तर्जनी चादरीवर ठेका धरू लागली. दोन तुकडे झाल्यावर ती थांबली, आणि त्यांनी मान हलवून आणखी हवे असल्याचे सांगितले. झटक्यानंतर त्यांनी कोणाकडे काही मागितले, ते पहिल्यांदाच.

या प्रसंगाला मी चमत्कार म्हणत नाही. त्यामागे थोडे शास्त्रही आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथील संशोधकांनी २००८ साली 'ब्रेन' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पक्षाघाताच्या साठ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाने दोन महिने रोज किमान एक तास संगीत ऐकले, दुसऱ्याने बोलकी पुस्तके ऐकली, तिसऱ्याला यापैकी काही दिले नाही. नेहमीचे उपचार तिघांनाही होतेच. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती आणि एकाग्रता इतरांहून अधिक सुधारली, उदासीनताही त्यांच्यात कमी आढळली. हा लहान अभ्यास आहे, औषधाच्या चिठ्ठीची जागा तो घेणार नाही. परंतु त्यातील एक अट आपण विसरू नये: संगीत रुग्णाने स्वतः निवडलेले होते.

निवड सांगता येत नसेल, तर थोडे गणित करावे. आयुष्यभर मनात घर करून राहणारी गाणी बहुधा दहा ते तीस या वयात ऐकलेली असतात. स्मृतिभ्रंशातही ती पुष्कळदा उशिरापर्यंत टिकून राहतात. १९४५ साली जन्मलेली आई १९६०मध्ये पंधरा वर्षांची होती. त्या काळी बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर अमीन सायानी यांच्या आवाजात बिनाका गीतमाला लागे. तेव्हा तिला भजने लावण्यापूर्वी ओ. पी. नय्यर लावून पाहा. म्हातारपण आले की माणूस आपोआप भजनाकडे वळतो, ही तरुणांची समजूत आहे. काही वळतात. काहींना आपण वळवतो.

याचा अर्थ भजन नको असा नाही, आणि आपल्या वऱ्हाडात तर मुळीच नाही. यावलीस १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली, असे वाचक आजही आपल्यात आहेत. त्यांच्या भजनांची ध्वनिमुद्रणे ऐकताना माझ्या लक्षात येते ते हे, की हे निजवणारे संगीत नव्हे. खंजिरीचा ठेका माणसाला उठवून बसवतो. पहाटे व्यायामाला किंवा घरातल्या घरात चालण्याला ते मला सर्वांत योग्य वाटते. कंपवातात पावले अडखळतात, तेव्हा नियमित ठेक्याने चालणे सुधारू शकते, ही गोष्ट भौतिकोपचारात मान्य आहे. मात्र ती तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावी, एकट्याने नव्हे. गाडगेबाबांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रणही मिळते. बाबांचे १९५६ साली निधन झाले. आवाज मात्र आजही अंगणातून आल्यासारखा वाटतो. ते सांगत नाहीत, विचारतात. श्रोत्यांनी उत्तर द्यायचे असते. बोलणे कमी झालेल्या वृद्धांसमोर मी ते लावून पाहिले आहे आणि दोन-तीनदा खोलीतून हुंकार आलेला ऐकला आहे. अभंगांत पंडित भीमसेन जोशींना तोड नाही, विशेषतः राम फाटक यांच्या चालींत. पण ती मैफल आहे. मागे आवाज चालू ठेवून पुढे भाजी निवडण्याचे ते गाणे नव्हे. पंधरा मिनिटे शेजारी बसून ऐकावे. लताबाईंची 'ज्ञानेश्वर माउली', चाल हृदयनाथ मंगेशकरांची, हे मी मराठी ध्वनिमुद्रणांतील शिखर मानतो. तरीही घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर ती सायंकाळी लावू नये. मी एकदा लावली होती. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही.

गझलेविषयी आम्हा अमरावतीकरांना थोडा पक्षपात क्षम्य आहे. सुरेश भट १९३२ साली इथेच जन्मले. लहानपणीच पोलिओने त्यांचा पाय अधू झाला, आणि त्यांच्या शब्दांनी पुढे साऱ्या महाराष्ट्राला चालते केले. हृदयनाथांनी चाली दिलेली त्यांची शृंगारगीते वृद्धांच्या खोलीत कोणी लावत नाही. का बरे? ऐंशी वर्षांच्या माणसाला तारुण्य आठवू नये, असा काही नियम आहे काय? भीमराव पांचाळे हेही आपल्याच जिल्ह्याचे. ते शेर थांबून म्हणतात, शब्दाला जागा देतात. घाईने गायलेल्या गझलेपेक्षा ही पद्धत मला फार भावते. जगजित आणि चित्रा सिंह यांची १९७६ची 'द अनफर्गेटेबल्स' गाजली ती याच मोकळेपणामुळे, परंतु माझी पसंती १९८८च्या 'मिर्झा गालिब' मालिकेतील गायनाला. तिथे जगजित सिंहांचा आवाज अधिक खाली, अधिक एकटा आहे.

या मोकळ्या गाण्यामागे ज्येष्ठांच्या दृष्टीने एक व्यावहारिक कारणही आहे. वयाबरोबर कान प्रथम उंच स्वर गमावतात. स, श, फ यांसारखी व्यंजने अस्पष्ट होतात. मग शंभर वाद्यांच्या ताफ्यातील गाणे हे नुसता गलका ठरते, आणि घरचे लोक आवाज आणखी वाढवतात. वाढवू नका. वाद्ये कमी असलेले संगीत निवडा, ध्वनिवर्धक चांगल्या कानाच्या बाजूस ठेवा, पंखा आणि दूरदर्शन संच बंद करा. श्रवणयंत्र असेल, तर त्यात संगीतासाठी वेगळी जुळवणी करता येते का, हे श्रवणतज्ज्ञांना विचारा. अनेक यंत्रे मुळात बोलणे ऐकण्यासाठीच जुळवलेली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत ही सुरक्षित मर्यादा सांगितली आहे. उशीवर डोके ठेवून कानात सारा दिवस यंत्र खुपसणाऱ्या नातवंडांनीही ती लक्षात ठेवावी.

कमी आवाजाचीही एक कथा आहे. १९७५ च्या जानेवारीत ब्रायन ईनो हा इंग्रज संगीतकार टॅक्सीच्या अपघातात जखमी होऊन अंथरुणाला खिळला होता. भेटीस आलेल्या मैत्रिणीने वीणेसारख्या हार्प या वाद्याची तबकडी आणली. ती गेल्यावर त्याने कशीबशी उठून ती लावली आणि पुन्हा पडल्यावर ध्यानात आले, की आवाज फारच बारीक आहे आणि एक ध्वनिवर्धक बंदच आहे. पुन्हा उठण्याचे त्राण नव्हते. पावसाच्या आवाजात ते सूर मधूनच ऐकू येत, मधूनच विरत. त्या असहाय दुपारीतून खोलीच्या हवेत मिसळणाऱ्या संगीताची कल्पना त्याला सुचली; त्याच वर्षी 'डिस्क्रीट म्युझिक' निघाले. मला स्वतःला ते फार वेळ ऐकवत नाही, खरे सांगायचे तर कंटाळा येतो. परंतु आजारी माणसाला उठून आवाज कमी-जास्त करता येत नाही, ही साधी गोष्ट त्या कथेने मला शिकवली. बंदचे बटण त्यांच्या हाताशी ठेवावे.

त्याच महिन्यात, २४ जानेवारीला, जर्मनीतील कोलोन शहरी कीथ जॅरेट या अमेरिकी वादकाचा पियानो कार्यक्रम होता. पाठ दुखत होती, आणि रंगमंचावर आणलेला पियानो चुकीचा, लहान, वरच्या पट्टीत पातळ वाजणारा होता. तो नकार देऊन निघालाच होता. अखेर बसला, आणि मधल्या स्वरांतच फिरत त्याने तासाहून अधिक काळ जे ऐनवेळी सुचेल ते वाजवले. 'द कोलोन कॉन्सर्ट' जगभर खपली. मला मात्र त्याची १९९९ची 'द मेलडी ॲट नाइट, विथ यू' अधिक प्रिय आहे. दीर्घ थकव्याच्या विकाराने तो तेव्हा खचलेला होता. घरच्या पियानोवर, थोड्या थोड्या वेळाने, त्याने जुनी साधी गाणी मुद्रित केली, पत्नीला नाताळची भेट म्हणून. तीत कोठेही चमक नाही. बोटे जणू चालायला शिकत आहेत. पुढे २०१८मध्ये त्याला दोनदा पक्षाघात झाला आणि डावी बाजू अधू झाली. ही तबकडी मी रुग्णांना सुचवत नाही. शुश्रूषा करणाऱ्यांना सुचवतो. रात्री अकराला शेवटची गोळी देऊन झाल्यावर, दार लोटून, स्वतःसाठी. वहिनींना मी ती दिली. त्यांनी दोन दिवसांनी सांगितले, की त्यांना आशाबाई हव्या आहेत. अर्थातच.

एक गोष्ट मात्र मोबाइलने बिघडवली. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे वीस मिनिटांत संपे, मग कोणीतरी उठून ती उलटी, आणि त्या उठण्यात विचारणे होई, "आणखी लावू का?" आता संगीत आपण होऊन संपतच नाही. आम्ही अकोल्यात वीस मिनिटांचा गजर लावतो. गजर झाला की बंद, आणि विचारणे. बंधू कधी बोट वर करतात, कधी तळहात आडवा धरतात. वाचाघातानंतर काहींना बोलता येत नसले तरी गाता येते, म्हणून वाणीतज्ज्ञांच्या सल्ल्याने त्यांच्याकडून परिचित चाली गुणगुणवून घेतो. एखादा शब्द कधी निसटून येतो. कधी येत नाही, आणि ते चिडतात. मग त्या दिवशी गाणे बंद.

'कॉल ऑफ द व्हॅली' मी आणखी एकदा लावून पाहिली. तळहात आडवा झाला. आता ती मी परतीच्या गाडीत ऐकतो. अकोला सुटले की सुरू करतो. मूर्तिजापूर मागे पडता पडता ती संपते, आणि बडनेऱ्यापर्यंत मी त्यांच्या जुन्या आरोपाला मनातल्या मनात उत्तर देत बसतो.