नेम कमरेच्या वर होता

११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी दिसला. संतप्त जनता हमरस्त्यावर उतरली आणि राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या. १० जण शहीद झाले, २६ जखमी झाले.

आमच्या खारी गावात या दिवसाचा विषय निघाला की तरुण विचारतात, गोळी दोघांना लागली, एक गेला आणि एक वाचला, हे नशीबच ना? बुद्धाच्या धम्मात नशिबाला जागा नाही. कारण शोधावे लागते.

पहिले कारण जागा. डोके, छाती, पोट येथे मेंदू, हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या, यकृत असते. आतला रक्तस्राव बाहेरून हाताने दाबता येत नाही. दुसरे कारण वेग. रायफलीची गोळी पिस्तुलाच्या गोळीच्या दुपटीहून अधिक वेगाने येते, आणि वेग दुप्पट झाला की तिची ऊर्जा चौपट होते. ती नुसते भोक पाडत नाही, आजूबाजूचे मांसही फाडते. तिसरे कारण वेळ. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त. त्यातले २ लिटर गेले की जीव धोक्यात. म्हणून पायावरची गोळी निरुपद्रवी हाही गैरसमज आहे. मांडीची धमनी तुटली तर काही मिनिटांत सारे संपते. फरक एवढाच, की तेथे दाबायला जागा मिळते.

गोळीबार करावाच लागला तर नेम खाली धरावा, ही पोलिसांची जुनीच शिकवण. रमाबाई नगरात बहुतेक जखमा कमरेच्या वर होत्या. मग तो जमाव पांगवणे होते की माणसे मारणे? न्या. गुंडेवार आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय ठरवला. फौजदार मनोहर कदम यांना २००९ साली सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयातून ते जामिनावर सुटले. एवढ्यालाही १२ वर्षे लागली! जखमेचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल आपली माणसे का जपून ठेवत नाहीत, याचे आम्हा वकिलांना नेहमी वाईट वाटते. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली, हे त्याच कागदावर असते.

आणखी एक. 'पोलीस केस आहे, आधी कागद आणा' असे दवाखाना म्हणू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की आधी उपचार, मग कायदेशीर सोपस्कार. अनुच्छेद २१ चा तो अर्थ आहे.

पण दवाखाना गाठेपर्यंतची मिनिटे आपल्याच हातात असतात. स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे, पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये, आत बोट घालून गोळी शोधू नये. खारीतून भाईंदर पश्चिमेच्या सरकारी रुग्णालयात जायचे तर रेल्वेलाईन ओलांडावी लागते. जखम रिक्षात बसण्याआधीच दाबलेली हवी.