लिमिटेड एडिशन गाडी बुक करताय? टोकन भरण्याआधी हे समजून घ्या

एकूण १०० गाड्या. बुकिंगसाठी अडीच लाख रुपये. आणि किंमत? ती नंतर कळणार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने 'ऑक्टाव्हिया आरएस' ही स्पोर्ट्स सेडान भारतात अशीच विकली. ६ ऑक्टोबरला बुकिंग सुरू झालं आणि १७ ऑक्टोबरला किंमत जाहीर झाली, एक्स-शोरूम ४९.९९ लाख रुपये. तोपर्यंत सगळ्या गाड्या बुक झाल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात फोक्सवॅगनच्या 'गोल्फ जीटीआय'च्या पहिल्या १५० गाड्याही किंमत कळण्याआधीच संपल्या होत्या.

हे बुकिंग मोबाईलवर होतं. त्यामुळे मुंबईचा ग्राहक आणि नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरचा मिरची व्यापारी एकाच रांगेत असतात. पण पैसे भरल्यावर हातात नेमकं काय येतं?

टोकन म्हणजे खरेदी नाही

विदर्भात शेतीचा सौदा ठरला की इसार देतात आणि इसारचिठ्ठी लिहितात. त्या चिठ्ठीत जमीन कोणती, भाव काय, खरेदी कधी आणि सौदा मोडला तर काय, हे सगळं असतं. गाडीच्या बुकिंग पावतीत यातलं बरंच काही नसू शकतं. अनेकदा 'डिलिव्हरीच्या दिवशी असेल ती किंमत लागू' अशी अट असते. म्हणजे रांगेतला नंबर तुमचा, पण भाव अजून पक्का नाही.

शिवाय बुकिंगच्या रकमेवर सहसा व्याज मिळत नाही. ७ टक्के व्याज धरलं तर अडीच लाखांवर वर्षाला १७,५०० रुपये होतात. म्हणजे ग्राहक कंपनीला किंवा डीलरला बिनव्याजी पैसे वापरायला देत असतो.

'लिमिटेड' म्हणजे किती?

हे कंपनीच ठरवते आणि आकडा बदलूही शकते. महिंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये 'बीई ६ बॅटमॅन एडिशन' आणली. ती स्पोर्ट्स कार नव्हे, इलेक्ट्रिक एसयूव्ही आहे. आधी ३०० गाड्या जाहीर झाल्या. मागणी पाहून बुकिंगआधीच आकडा ९९९ केला. त्या २१,००० रुपयांच्या टोकनवर १३५ सेकंदांत बुक झाल्या.

इथे दोन गोष्टी लक्षात येतात. एक, 'गाड्या कमी आहेत, पुढे भाव वाढेल' या हिशेबाने पैसे गुंतवणं धोक्याचं आहे. दोन, १३५ सेकंदांत अटी वाचून होत नाहीत. त्या आदल्या दिवशीच वाचाव्या लागतात.

गाडी आलीच नाही तर?

टेस्लाने नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी 'रोडस्टर' दाखवली आणि २०२० मध्ये ती देऊ असं सांगितलं. साध्या आवृत्तीसाठी ५०,००० डॉलर भरायचे होते. १,००० गाड्यांच्या 'फाउंडर्स सीरिज'साठी तर पूर्ण अडीच लाख डॉलर आगाऊ भरायचे होते. २०२५ संपेपर्यंत एकाही ग्राहकाला ही गाडी मिळाली नव्हती.

भारतातही अनेकांनी २०१६ मध्ये १,००० डॉलर भरून टेस्लाची 'मॉडेल ३' बुक केली होती. मुंबईत बीकेसीला टेस्लाचं शोरूम उघडलं ते जुलै २०२५ मध्ये, आणि तिथे विक्रीला आली 'मॉडेल वाय'.

कंपनी दिवाळखोरीत गेली तर अडचण आणखी वाढते. मालासाठी आगाऊ पैसे भरणारा हा 'ऑपरेशनल क्रेडिटर' म्हणजे व्यवहारातला धनको ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली, तर तारण असलेल्या बँका आणि कामगार आधी. ग्राहकाचा नंबर बराच मागे.

बुकिंग रद्द केलं तर पैसे परत मिळतात का?

सगळं पावतीतल्या शब्दांवर अवलंबून असतं. सौदा पाळण्याची हमी म्हणून दिलेली रक्कम, म्हणजे इसार, जप्त होऊ शकते. किमतीचा भाग म्हणून दिलेला नुसता ॲडव्हान्स, करारात तशी अट नसेल तर जप्त करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सतीश बत्रा खटल्यात हा फरक स्पष्ट केला. २०१५ च्या कैलाशनाथ खटल्यात न्यायालय म्हणालं की काही नुकसानच झालं नसेल, तर भरपाई म्हणून रक्कम ठेवून घेता येत नाही. दोन्ही खटले जमीन-मालमत्तेचे होते, पण तत्त्व करार कायद्याचं आहे.

म्हणून पावतीवर 'रिफंडेबल' हा शब्द आहे का, आणि किती दिवसांत, हे आधी पाहा.

तक्रार कुठे करायची?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं. शोरूम मुंबईत असलं तरी भिवापूरच्या ग्राहकाला नागपूरच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालतं. ५ लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत, ई-जागृती पोर्टलवरूनही करता येते. हेल्पलाइन क्रमांक १९१५ आहे.

पण एक मेख आहे. नफ्यावर पुन्हा विकण्यासाठी वस्तू घेणारा या कायद्यात 'ग्राहक' नाही. गाडी विकून पैसे कमवायचे असतील, तर हे संरक्षण मिळेलच असं नाही.

मग भरायचे की नाही?

गाडी प्रत्यक्ष विक्रीला तयार आहे, रिफंडची अट लेखी आहे, डिलिव्हरीची तारीख दिली आहे आणि सर्व्हिस नागपूरला होते, तर टोकन भरायला हरकत नाही. पावती कंपनीच्या नावाची की डीलरच्या, हे तपासा आणि पैसे त्याच खात्यात भरा. आरटीओचा कर, विमा आणि १० लाखांवरच्या गाडीचा १ टक्का टीसीएस वेगळा, हेही धरा. टीसीएसची रक्कम रिटर्न भरताना वळती करता येते.

यातली लेखी रिफंडची अट किंवा तारीख नसेल तर थांबलेलं बरं. रांगेतला नंबर जाईल, पण अडीच लाख तुमच्याच खात्यात राहतील.