आत की बाहेर? जीव टांगणीला, रक्तदाब वर

करोनाची दुसरी लाट ओसरली, तेव्हाची गोष्ट. ओपीडीत साधारण अठ्ठावन्न वर्षांचे एक गृहस्थ आले. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) आठ वर्षांपासून रक्तदाबाची एकच गोळी चालू, आणि त्या गोळीवर दाब कायम आटोक्यात. त्या दिवशी मात्र १७६ आणि १०४. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला, तरी फारसा फरक नाही.

अशा वेळी आम्ही ठरलेले प्रश्न विचारतो. गोळी चुकते का? जेवणात मीठ, लोणचं, सुकी मासळी वाढली का? दारू? अंगदुखीच्या गोळ्या रोज खाता का? सगळ्याला उत्तर ‘नाही’. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, गोळी मी माझ्या हातानं देते. यांचं प्रेशर खाण्यानं नाही, मिटिंगनं वाढतं.”

मिटिंग म्हणजे गावाची. गाव महापालिकेत राहायचं की बाहेर पडायचं, यावरची. गृहस्थ ‘बाहेर’ म्हणणाऱ्यांतले. त्यांच्या धाकट्या भावाने जमिनीचा हिस्सा विकून शेजारच्या संकुलात फ्लॅट घेतला होता, आणि तो ‘आत’ म्हणणाऱ्यांतला. दोघांचं बोलणं बंद. पुतण्याच्या हळदीलासुद्धा हे गेले नव्हते. आमच्या भागात हळद म्हणजे काय, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. सख्खा काका हळदीला नाही, ही गोष्ट गावात वर्षभर बोलली जाते.

ज्यांना हा प्रश्न ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा कल्याण-डोंबिवलीबरोबर अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची बरीच गावे तिच्यात आली. १९९२ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर बाहेर पडले आणि त्यांच्या वेगळ्या नगरपरिषदा झाल्या. २००२ मध्ये २७ गावे बाहेर काढली गेली. जून २०१५ मध्ये तीच गावे पुन्हा महापालिकेत घेतली गेली. विरोध सुरू झाला, संघर्ष समितीची आंदोलने झाली. २०२० मध्ये राज्य सरकारने २७ पैकी १८ गावे वेगळी करण्याचा निर्णय घेतला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. आत, बाहेर, पुन्हा आत, अर्धे बाहेर, पुन्हा सगळे आत. एका माणसाच्या उमेदीची वर्षे यात गेली.

दोन्ही बाजूंना त्यांची कारणे आहेत. ‘बाहेर’ म्हणणारे सांगतात : कर वाढला, पण पाणी आणि रस्ते त्या मानाने आले नाहीत, ग्रामपंचायत गेली, तिच्याबरोबर गावाचा शब्दही गेला, जमिनींवर आरक्षणे पडतील. ‘आत’ म्हणणारे सांगतात : गाव आता गाव राहिलेलं नाही, इमारती झाल्या, एवढ्या लोकवस्तीचे सांडपाणी, कचरा आणि दवाखाने ग्रामपंचायत कशी सांभाळणार? मी कुणाच्या बाजूने, हे या सदरात सांगणार नाही. मी स्वतः बदलापूरचा. शाळेत होतो तेव्हा आमचे गाव महापालिकेत गेले, एमबीबीएसला होतो तेव्हा बाहेर आले. तेव्हाही आमच्या घरात वडील एका बाजूला आणि काका दुसऱ्या बाजूला होते. पोहे मात्र एकाच परातीतले.

हाच खेळ जगाने फार मोठ्या पटावर पाहिला. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनने युरोपीय संघात राहायचे की नाही यावर सार्वमत घेतले. ५१.९ टक्के लोक ‘बाहेर’ म्हणाले, ४८.१ टक्के ‘आत’. गंमत म्हणजे, तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मत होते. त्यामुळे लंडनमध्ये नोकरी करणारा, भारतीय पासपोर्टवरचा आपला मराठी मुलगा मत देऊ शकत होता. त्याच्या शेजारी राहणारा फ्रेंच माणूस मात्र नाही. निकाल एका रात्रीत लागला. प्रत्यक्ष बाहेर पडायला ३१ जानेवारी २०२० उजाडला. मधल्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधान पायउतार झाले आणि तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. ‘आत’वाले चिडले, कारण हरले. ‘बाहेर’वालेही चिडले, कारण जिंकूनही काही होईना.

आता यात डॉक्टरचे काय काम? सार्वमताच्या काही महिने आधी, मार्च २०१६ मध्ये, लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. पडद्यावर दगड दिसायचे. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचे, आणि साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखेल असा झटका बसायचा. या दरम्यान त्यांचा घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार मोजला गेला. सर्वात जास्त ताण कधी होता? झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना नव्हे. बसेल की नाही, हे अगदी निम्मे-निम्मे असताना!

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक आहे. ‘जीव टांगणीला लागणे’ हा वाक्प्रचार कुणा शास्त्रज्ञाने दिलेला नाही. वाईट बातमी माणूस पचवतो, पण टांगणी पचत नाही. बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहणारे नातेवाईक मी तीस वर्षे पाहतो आहे. रिपोर्ट वाईट आला तरी दुसऱ्या दिवशी ते पुढच्या उपचारांचे विचारू लागतात. रिपोर्टच आला नाही, तर झोप मात्र रोज उडते.

शरीरात घडते ते असे. धोका जाणवला की मेंदू अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके सोडायला लावतो. हृदय जोरात धडधडते, रक्तवाहिन्या आकसतात, साखर वाढते. अंगावर कुत्रा धावून आला तर हे उपयोगाचे. कुत्रा गेला की सगळे पूर्ववत होते. पण धोका ‘पुढच्या तारखेला’ असेल, आणि ती तारीख सरकतच राहिली, तर शरीर सावध अवस्थेतून पूर्ण बाहेर येत नाही. झोप तुटते, चिडचिड वाढते, ज्यांना मुळात रक्तदाब किंवा मधुमेह आहे त्यांचे आकडे बिघडतात. त्यात रात्री बारापर्यंत व्हॉट्सअॅप ग्रुपवर भांडण, मग सुटलेले जेवण, वाढलेली तंबाखू. दोष एकट्या राजकारणाचा नसतो. राजकारण या सगळ्याला वाट करून देते.

राजकीय ताणाचा आजारांशी संबंध अभ्यासलाही गेला आहे. अमेरिकेत २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतरच्या दोन दिवसांत दक्षिण कॅलिफोर्नियातील एका मोठ्या आरोग्ययंत्रणेत हृदयविकार आणि पक्षाघातासारख्या कारणांनी दाखल होण्याचे प्रमाण, आदल्या आठवड्यातील त्याच दोन दिवसांच्या तुलनेत, सुमारे १.६ पट आढळले. इंग्लंडमध्ये सार्वमतानंतर नैराश्यावरच्या औषधांच्या चिठ्ठ्या इतर काही औषधांच्या तुलनेत वाढल्याचे एका अभ्यासात दिसले. निकालाच्या तीन आठवड्यांनंतर चाळिशीतल्या एका गृहस्थांना भ्रमिष्ट अवस्थेत रुग्णालयात आणावे लागले, ही नोंदही वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यांना आधीपासून घरचा-कामाचा ताण होता, आणि ते दोन आठवड्यांत बरे झाले. या अभ्यासांतून ‘मतदानाने माणसे आजारी पडतात’ असा अर्थ काढू नये. काठोकाठ भरलेल्या हंड्यात एक तांब्या आणखी पडला, एवढाच तो अर्थ.

इथे मला माझ्याच व्यवसायबंधूंनाही काही सांगायचे आहे. राग हा आजार नाही. नळाला पाणी नसेल आणि कराची नोटीस मात्र वेळेवर येत असेल, तर चिडणारा माणूस निरोगी आहे. त्याला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून झोपेची गोळी देणे हा उपचार नव्हे. माणूस चिडतो तो निर्णय विरुद्ध गेला म्हणून, आणि त्याहून जास्त ‘आम्हाला कुणी विचारलंच नाही’ म्हणून. ब्रिटनमध्येही तेच झाले. ज्या गावांचे कारखाने बंद पडले, त्यांच्या मनात वर्षानुवर्षे साठलेले एका चिठ्ठीतून बाहेर आले.

असा साठलेला राग सोप्या आश्वासनांवर पटकन विश्वास ठेवतो. ‘युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ’ असे एका प्रचाराच्या लाल बसवर रंगवलेले होते. तो आकडा दिशाभूल करणारा आहे, असे तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने तेव्हाच सांगितले होते. बस मात्र फिरत राहिली. पुढे युरोपातून तिथे येणाऱ्या परिचारिकांची संख्या झपाट्याने घटली (नव्या भाषा-परीक्षेचाही त्यात वाटा होता), आणि ती उणीव भरायला भारतातून आणि फिलिपिन्समधून परिचारिका गेल्या. युरोपची औषध नियामक संस्था लंडनहून अॅमस्टरडॅमला हलली. हे सगळे मतदानाच्या दिवशी कितीजणांच्या डोक्यात होते?

आपल्याकडेही निर्णय लागला म्हणजे प्रश्न संपला, असे होत नाही. शिळफाट्याच्या बाजूची १४ गावे नवी मुंबई महापालिकेतून २००७ मध्ये बाहेर पडली, तीही गावकऱ्यांच्या मागणीवरून. काही वर्षांनी त्याच गावांतून ‘आम्हाला परत घ्या’ अशी मागणी सुरू झाली, आणि २०२२ मध्ये सरकारने तसे जाहीर केले. यात कुणाची चूक होती असे मला म्हणायचे नाही. परिस्थिती बदलते, माणसाचे मत बदलते, आणि ते बदलण्याची मुभा त्याला असली पाहिजे. भावाशी कायमचे बोलणे तोडले, की नेमकी तीच मुभा जाते. उद्या त्याचे पटले, तरी ते सांगायचे कुणाला?

त्या गृहस्थांना मी गोळी वाढवून दिली, कारण १७६ वर उपदेश करत बसायचे नसते. मग चार गोष्टी सांगितल्या. त्या कुठल्याही ‘आत की बाहेर’ला लागू पडतात.

एक, आपल्या हातातले आणि हाताबाहेरचे वेगळे लिहून काढा. कोर्टाची तारीख हाताबाहेर. हरकत-सूचना लेखी देणे, सभेला जाणे, मत देणे, पाण्याचा नमुना तपासायला देणे, हे हातात. हातातले एक काम केले की टांगणी थोडी सैल होते.

दोन, बातम्या आणि ग्रुप यांना वेळ ठरवून द्या. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. झोपण्याआधी दीड तास फोन दुसऱ्या खोलीत.

तीन, मिटिंगहून आल्या आल्या रक्तदाब मोजू नका आणि भांडणही करू नका. रागाचा झटका आल्यानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराचा धोका तात्पुरता बराच वाढतो. निरोगी माणसाला तो तरीही कमीच असतो, पण ज्याचे हृदय आधीच अधू आहे त्याने जपावे. छातीत दडपण आले, घाम फुटला, तोंड वाकडे झाले किंवा बोलणे अडखळले, तर ‘टेन्शनमुळे असेल’ म्हणून घरी थांबू नका. लगेच रुग्णालय गाठा.

चार, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशात मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर मोकळेपणाने सांगा. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते.

पाचवी गोष्ट त्यांच्या पत्नीने सांगितली, तीही माझ्यासमोर : “आणि भावाकडं जाऊन या. गावाचं नका बोलू. हळदीचं बोला.”

सरकारला आणि पालिकांना सांगण्यासारखी गोष्ट एकच. निर्णय कोणताही घ्या, पण लोकांना आधी विचारा, तारीख द्या आणि ती पाळा. आम्ही रुग्णाला ‘ऑपरेशन कधीतरी करू’ असे सांगत नाही. दिवस सांगतो, आदल्या रात्री काय खायचे तेही सांगतो. गावालाही तेवढा मान मिळायला हवा.

तीन महिन्यांनी गृहस्थ पुन्हा आले. दाब १३८ आणि ८६. गावाचा प्रश्न होता तिथेच होता, आणि त्यांचे मतही तसूभर हलले नव्हते. औषधाच्या खिडकीपुढे रांग मोठी होती, म्हणून मी विचारले, “कुणी बरोबर आहे का?” ते म्हणाले, “भाऊ रांगेत उभा आहे. येताना गाडीत भांडलो. पण आलो त्याच्याच गाडीतून.”