भिजूनही खरं सांगणारा कागद

पावसाळ्यात नेमबाजीचा सराव का थांबतो, असं विचारलं तर बहुतेक जण काडतुसाला ओल लागते किंवा रायफलीला गंज चढतो, असं सांगतात. पण चांगलं काडतूस पावसाला सहसा दाद देत नाही आणि रायफलीला तेलाचा हात पुरतो. हार मानतो तो समोरचा कागद. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या भद्रावतीला लागूनच चांदा आयुध निर्माणी आहे, त्यामुळे दारूगोळा हा शब्द इथल्या पोरांच्या कानावर लहानपणापासूनच पडतो. ज्यावर नेम धरायचा त्या कागदाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मला कित्येक वर्षं त्याचंच वेड आहे.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा मोठी. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली, 2024 मध्ये त्याच जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य आणलं. मोठ्या रेंजवर आता इलेक्ट्रॉनिक टार्गेट आलीत. तालुक्याच्या ठिकाणी अजूनही लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेलं गोणपाट आणि लईनं चिकटवलेला कागद, एवढंच असतं. 50 मीटरच्या रेंजवर नेमबाजाच्या डोक्यावर छप्पर असतं, पण गोळीची बहुतेक वाट उघड्या आभाळाखालून जाते. पाऊस तिरपा आला की टार्गेट भिजलंच.

कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले तंतू. त्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाणी शिरलं की सुटतात. तंतू फुगतात ते लांबीत कमी, जाडीत जास्त. कारखान्यात कागद ज्या दिशेनं धावतो त्याच दिशेनं बरेच तंतू पडलेले असतात, म्हणून ओला कागद त्याच्या आडव्या दिशेनं जास्त पसरतो आणि गोल रिंग किंचित लंबगोल होते. दीडशे मिलिमीटरच्या वर्तुळात एक टक्का वाढ म्हणजे दीड मिलिमीटर. 50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाची रिंग अवघी 10.4 मिलिमीटरची असते, हे लक्षात घेतलं की दीड मिलिमीटर किती, ते कळतं. त्याहून वाईट म्हणजे ओल्या कागदाला गोळी स्वच्छ भोक पाडत नाही, लगदा ओढत फाडते. मग रेषेला गोळी शिवली की नाही, हे छिद्र मोजायचं गेज लावूनही ठरत नाही.

चंद्रपूर ओलांडून पुढं बल्लारपूरला गेलं की पेपर मिल लागते. 1945 साली स्थापन झालेल्या त्या कंपनीच्या मूळ नावातच 'पेपर अँड स्ट्रॉ बोर्ड' होतं. म्हणजे टार्गेटचा कागद आणि त्यामागचा पुठ्ठा, दोन्ही! आपल्या जंगलातल्या बांबूचा तंतू निलगिरीपेक्षा लांब असतो. पण पाण्यात टिकायला नुसत्या लांब तंतूनं भागत नाही. लगद्यातच विशिष्ट रेझिन मिसळलं तर बंध पाण्यातही टिकतात. नकाशाचा आणि चहाच्या पिशवीचा कागद असाच तग धरतो. विकत घ्यायचाच असेल तर असा कागद मागावा.

गावोगावच्या फ्लेक्सवाल्याकडून टार्गेट छापून आणायचा मोह सगळ्यांनाच होतो. फ्लेक्सला पावसाचं काहीच वाटत नाही, हे खरं. पण गोळी आरपार गेली की ते ताणलेलं प्लास्टिक परत आखडतं आणि छिद्र गोळीपेक्षा लहान दिसतं. छर्‍याचं तर कधी कधी शोधावं लागतं. लॅमिनेशन केलेला कागद चांदणीसारखा तडकतो आणि त्याच्या कडेनं पाणी आत शिरतं. टार्गेट टिकलं पण छिद्र खोटं बोललं, तर त्या टार्गेटचा उपयोग शून्य, या मतावर मी ठाम आहे. छापखान्यात नॉन-टेअरेबल म्हणून मिळणारा पातळ कागद त्या मानानं बरा.

माझा आवडता उपाय मात्र आपल्या मातीतला आहे. विदर्भात जवस पिकतो. रंगाच्या दुकानात उकळलेलं जवसाचं तेल मिळतं. लेझर प्रिंटरवर छापलेल्या जाडसर कागदाला त्याचा पातळ हात दोन्ही बाजूंनी द्यावा आणि दोरीवर वाळवावा. इंकजेटची बरीचशी शाई पाण्यानं पसरते. लेझरची पूड वितळून कागदाला धरून बसते. जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं आणि तंतूंमध्ये पाण्याला जागा ठेवत नाही. वाळलेला कागद थोडा ताठ होतो, त्यामुळे छिद्राची कडही नेटकी येते. तो पिवळसर आणि अर्धपारदर्शक दिसतो, म्हणून मागं पांढरं काहीतरी हवं. एक गोष्ट कटाक्षानं पाळावी: तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. वाळताना त्यांच्यात उष्णता साठते आणि ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून पूर्ण वाळू द्यावेत.

विषय निघालाच आहे तर मातीच्या टार्गेटबद्दलही सांगतो. भद्रावती कुंभारकामाचं गाव. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघात चाकावर चढणारी माती पाहिली की मला हटकून शॉटगनवाल्यांची हवेत उडणारी चकती आठवते. पूर्वी या खेळात जिवंत कबुतरं मारत. 1880 च्या सुमारास अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगोव्स्की यांनी भाजलेल्या मातीची चकती काढली, पण ती इतकी कडक निघाली की छर्रे लागूनही फुटेना. आजची चकती नावालाच मातीची. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखी पिच एकत्र करून ती साच्यात दाबतात. 110 मिलिमीटर व्यास, 105 ग्रॅमच्या आसपास वजन. पिचमुळे पाऊस तिच्यात शिरत नाही. आमच्या जिल्ह्यात चुनखडीही मुबलक, त्यामुळे ही चकती इथं का बनू नये, हा प्रश्न मला सुटत नाही.

आता परत कागदाकडे. त्याच्यामागं पुठ्ठ्याऐवजी सनपॅक, म्हणजे पन्हळी प्लास्टिकचा पत्रा, लावावा. तो भिजून वाकत नाही, पण गोळीही अडवत नाही. मागचा गोळी अडवणारा मातीचा बट पावसानं ढासळला असेल तर आधी तो भरून घ्यावा, मगच फायर. कागद वरच्या दोन कोपऱ्यांना घट्ट आणि खाली सैल अडकवावा, म्हणजे पाणी साचून फुगा येत नाही. ओल्यात लई धरत नाही, तेव्हा जुनी छिद्रं बुजवायला प्लास्टिकचे स्टिकर घ्यावेत, आणि गुण लिहायला शिसपेन्सिल.