‘साहेब आणि गुत्तेदार मिळालेले आहेत!’

परभणी-गंगाखेड असो की जिंतूरकडचा रस्ता, खड्डा दिसला की हा निकाल लागतो. उपायही ठरलेला: अभियंत्यानं गुत्तेदाराला चार हात लांब ठेवावं आणि नुसता दंड ठोकावा. टक्केवारी नसतेच, असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण या उपायानं रस्ता टिकत नाही, हेही कितीदा सांगायचं?

आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार ज्या मातीचा मुक्त फुगवटा निर्देशांक ५० टक्क्यांच्या वर, ती भरावाला चालत नाही. मग चांगला मुरूम कुठून आणायचा, पाणी कोणत्या बाजूनं काढायचं, मोरी कुठं टाकायची? अंदाजपत्रक करताना जे दिसलं नाही, ते खोदकामात गुत्तेदाराला दिसतं. त्यानं ते लेखी कळवावं, अभियंत्यानं जागेवर येऊन माती तपासावी, बदल मंजूर करावा. एवढं बोलणं झालं नाही तर वर कितीही डांबर ओता, पावसाळा सरला की कडा खचणारच.

शिवाय मालक म्हणून बांधकाम विभागाचीही कामं असतात: जागा ताब्यात देणं, विजेचे खांब नि जलवाहिन्या हलवण्याची व्यवस्था करणं, झाडतोडीची परवानगी आणणं. भूसंपादन अडलं आणि रोलर उभा राहिला, तर दंड गुत्तेदाराला कसा? भारतीय करार कायद्याचं कलम ६७ वाचा. काम करून घेणाऱ्यानंच वाजवी सोय दिली नाही, तर त्यापायी राहिलेल्या कामाचा दोष करणाऱ्यावर येत नाही. हा कायदा १८७२ चा आहे हो, गुत्तेदारांनी कालपरवा पदरात पाडून घेतलेला नाही! ब्रिटनमध्येही १९९४ च्या लेथम अहवालानं मालक-कंत्राटदारांच्या भांडणांवर बोट ठेवून एकत्र काम करण्याचाच आग्रह धरला होता.

मग साटंलोटं ओळखायचं कसं? कागदावरून. दोघांनी जागेवर जाऊन केलेली मोजणी, मोजमाप पुस्तिकेतली तारखेसह नोंद, चाचणी अहवाल, बदलाचा आदेश, हे सगळं जुळलं तर तो समन्वय. जागेवर न जाताच पुस्तिका भरली असेल, तर खुशाल ओरडा.

आणखी काही ऐकीव गोष्टी. ‘सगळ्यात कमी दर म्हणजे जनतेचा फायदा’: तोटा गुत्तेदार खिशातून भरत नाही, रस्त्याच्या थरातून भरतो, म्हणूनच फार खालच्या दराला जादा सुरक्षा ठेव मागतात. ‘काम थांबलं म्हणजे गुत्तेदार पळाला’: कधी पळतो, कधी बिल थकलेलं असतं, २०२५ मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकीत बिलांसाठी आंदोलनाला उतरले होते. ‘उखडला की पुन्हा सरकारी पैसा’: प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांची देखभाल त्याच गुत्तेदाराच्या करारात असते, गावाजवळचा फलक बघा.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलेला आहे. संशय असेल तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करा आणि मोजमाप पुस्तिका मागा.