थरथर कुठून येते?

आमच्या घरी वडिलांच्या काळची एक अँबॅसडर आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यात या गाडीचे उत्पादन २०१४ साली थांबले. आमची गाडी मात्र अद्याप रस्त्यावर आहे. गेल्या हिवाळ्यात मुलेबाळे व वृद्ध आत्याबाई यांना घेऊन आम्ही इंदूरहून धारला लग्नास निघालो असता, ताशी साठ किलोमीटरच्या सुमारास गाडीच्या तळातून बारीक थरथर उमटू लागली. परतल्यावर एका गॅरेजात चाकांचा तोल दोनदा साधून घेतला. पैसे गेले, थरथर राहिली.

अखेरीस एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी प्रथम एवढेच विचारले, "साहेब, थरथर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते की गाडीच्या?" हा प्रश्न आम्हांस तोवर कोणी विचारलाच नव्हता.

त्यांनी परीक्षाही सांगितली. मोकळ्या रस्त्यावर गाडीचा वेग तोच ठेवून टॉप गिअरऐवजी तिसरा घालावा. इंजिन अधिक वेगाने फिरू लागते, गाडीचा वेग बदलत नाही. थरथरही बदलली नाही, तर इंजिन निर्दोष समजावे. मग उरतात चाके आणि प्रोपेलर शाफ्ट. चाकाचा दोष संथ हेलकाव्यासारखा, बहुधा स्टिअरिंगवर वा आसनाखाली जाणवतो. शाफ्ट चाकाच्या कित्येक पट वेगाने फिरत असल्याने त्याची थरथर बारीक असते व पायांखाली लागते. गिअर घालताना किंवा अॅक्सिलरेटर सोडताना 'टक्' असा आवाज आला, तर संशय आणखी बळावतो.

गिअरबॉक्सची शक्ती मागच्या अॅक्सलपर्यंत हा शाफ्ट नेतो. खड्ड्यांत अॅक्सल वरखाली होत असल्याने शाफ्टच्या दोन्ही टोकांस वळता सांधा लागतो. गॅरेजांतून त्यास 'क्रॉस' म्हणतात. सोळाव्या शतकातील इटालियन गणिती कार्दानो यांचे नावही त्यास जोडले गेले आहे. कोनात फिरणारा एकटा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात दोनदा गती कमीजास्त करतो; दुसरा तितक्याच कोनात उलट चूक करून ती भरून काढतो. म्हणून दोघांची अवस्था सारखी चांगली असावी लागते.

मिस्त्रींनी गाडी सपाट जागी उभी केली, चाकांस ठोकळे लावले, इंजिन बंद करून गिअर न्यूट्रलमध्ये ठेवला व खाली जाऊन शाफ्ट हातांनी पिळून पाहिला. डिफरन्शिअलच्या दातांतही थोडी मोकळीक असतेच. म्हणून सारा शाफ्ट किती हलतो हे न पाहता, क्रॉसच्या दोन बाजूंपैकी एक स्थिर राहून दुसरी हलते का, हे पाहायचे. आमचा मागचा क्रॉस असा हलला. सांधा उघडण्यापूर्वी त्यांनी शाफ्ट व फ्लँज यांवर रंगाची खूण केली. पुन्हा त्याच जागी न बसल्यास तोल बिघडतो. आत सुयांसारख्या बेअरिंगांची गेरूसारखी तांबडी पूड झाली होती. ग्रीस औषधालाही नव्हते.

पुढच्या क्रॉसमध्येही झीज आढळल्याने दोन्ही बदलले. काम उरकल्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाले, "पुढचा तुटला असता, तर शाफ्ट रस्त्यात रुतून गाडी उचलली गेली असती." आत्याबाई मागच्या आसनावर बसल्या होत्या, हे त्या वेळी आम्हांस आठवले. आता दर दिवाळीआधी आम्ही ग्रीस भरून घेतो आणि शाफ्ट स्वतः पिळून पाहतो.